‘खुद’ म्हणजे कोण?

जमीन कोणाची, हा प्रश्न जितका कायद्याचा तितकाच व्याकरणाचाही आहे. ‘कसेल त्याची जमीन’ या घोषणेत ‘कसेल’ या क्रियापदाचा कर्ता नेमका कोण, हे ठरल्याखेरीज तिला अर्थ येत नाही. आणि जमीनसुधारणेच्या इतिहासात खरा वाद झाला तो बहुधा याच कर्त्यापाशी. नोकरीनिमित्त जबलपुरात येऊन राहिलेल्या आम्हां मराठी अधिकाऱ्यांना तर तो टाळताच येत नाही. येथे सरकारी दप्तर आमच्या हाती असते. घरच्या दप्तरात आमचेच नाव मालक म्हणून लागलेले असते, अथवा एके काळी लागलेले होते.

प्रथम येथील हकीकत पाहू. नर्मदेकाठच्या या मुलखावर १७९८ पासून १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. त्या काळी गावे इजाऱ्याने दिली जात. जो अधिक सारा कबूल करील त्याला गाव मिळे. इंग्रजांनी १८६० नंतरच्या बंदोबस्तात सारा गोळा करणाऱ्यांनाच गावाचे मालक ठरविले आणि ‘मालगुजार’ ही संस्था पक्की झाली. वसुलीच्या मक्त्याचे मालकीत झालेले हे रूपांतर इतके बेमालूम होते की, दोन-तीन पिढ्यांत ते सनातन भासू लागले. ३१ मार्च १९५१ रोजी सरकारने ही मालगुजारी संपुष्टात आणली. परंतु मालगुजाराची ‘सीर’ आणि ‘खुदकाश्त’ जमीन त्याच्याकडेच राहिली. खुदकाश्त म्हणजे खुद्द कसलेली. आता, थोर मालगुजाराने भर श्रावणात नांगराची मूठ धरल्याचे कोणी पाहिले आहे? नांगर हरवाह्याने, म्हणजे आपल्याकडील सालगड्याने, धरला. निंदणी त्याच्या बायकोने केली. कागदावर मात्र हे सारे हात मालगुजाराच्याच देहाचे अवयव ठरले.

हा दोष एकट्या मालगुजारी मुलखाचा नव्हे. मुंबई राज्याच्या १९४८ च्या कूळकायद्यातही स्वतः कसणे म्हणजे आपल्या वा कुटुंबीयांच्या श्रमाने कसणे, अथवा त्यांच्या देखरेखीखाली मजुरांकरवी कसविणे, अशीच व्याख्या आहे. अट एवढीच की, मजुरी पिकाच्या वाट्याने देऊ नये. बांधावर छत्री घेऊन उभा राहणारा तेवढ्याने कसणारा होतो, आणि चिखलात वाकलेला त्याचे साधन. कुळाला या कायद्याने माणूस म्हणून ओळखले. मजुराला मात्र ‘स्वतः’ या शब्दाच्या पोटात गडप केले.

आता आमची दुसरी बाजू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, जबलपूर नव्या मध्यप्रदेशात राहिले. त्यानंतर पाच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ रोजी, कोकणात व देशावर कृषकदिन उजाडला आणि कूळ हेच जमिनीचे खरेदीदार मानले गेले. अज्ञान, विधवा आणि शरीराने वा मनाने विकल अशा मालकांपुरती ही खरेदी लांबणीवर टाकली होती. परगावी नोकरी करणाऱ्याचा समावेश त्या यादीत नव्हता. ‘पोटासाठी बाहेर पडलो आणि जमीन गेली’ हे वाक्य आमच्या बैठकींत अजूनही ऐकू येते. ही तक्रार सर्वस्वी खोटी नाही. दोन एकरांचा धनी आणि गावेच्या गावे बाळगणारा खोत यांना एका तराजूत तोलणे न्यायाचे नव्हे.

तथापि चरीचा संप आठवावा. अलिबाग तालुक्यातील त्या गावच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सुमारे सहा वर्षे खोतांची शेते कसण्याचे नाकारले. उपासमार सोसली, पण शेतात पाऊल टाकले नाही. मालक सहा वर्षे परगावी राहिला तरी भात पिकतेच, किंबहुना खंडही वेळेवर पोचतो. कूळ सहा वर्षे दूर राहिले तर रान माजते. ‘कसेल’ या क्रियापदाचा कर्ता शोधण्याची याहून सोपी कसोटी आम्हांस तरी ठाऊक नाही. आणि वाडवडिलांची शिक्षणे ज्या खंडाच्या भातावर झाली, तो मालकाच्या अनुपस्थितीतच पिकला होता, हेही बैठकीत कोणी तरी बोलायला हवे.

ज्यांच्या हाती कायदा असतो त्यांच्याच घरी जमीन असते, ही अडचण सार्वत्रिक आहे. फिलिपीन्समध्ये १९८८ साली अध्यक्षा कोराझोन अक्विनो यांच्या कारकीर्दीत व्यापक जमीनसुधारणा कायदा झाला. त्यांच्या माहेरच्या कोहुआंगको घराण्याची हासिएंडा लुईसिता ही उसाची विस्तीर्ण जहागीर होती. कायद्यात जमिनीऐवजी कंपनीचे भाग देण्याची पळवाट होती. १९८९ मध्ये तेथील शेतमजुरांना तेच भाग मिळाले. जमीन वाटून देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाकडून यायला २०११ साल उजाडले. मजूर कागदावर भागीदार, शेतात मजूरच! मालगुजाराच्या ‘खुद’ची ही परदेशी भावंडेच म्हणायची.

मध्यप्रदेशाच्या १९५९ च्या जमीनमहसूल संहितेने भूमिस्वामीला जमीन पट्ट्याने देण्यावर कडक बंधने घातली. हेतू स्वच्छ होता: नवे कूळ, नवा मालगुजार निर्माण होऊ नये. परंतु जमीन पट्ट्याने देणे थांबले नाही, ते केवळ तोंडी झाले. पाटण, शहपुऱ्याच्या बाजूस मटाराची शेते बटाईने करणारा माणूस बियाणे आणतो, रात्री पाणी धरतो, तोडणी करवितो. गारपीट झाली की पंचनामा होतो तो भूमिस्वामीच्या नावाने, आणि तो भूमिस्वामी पुष्कळदा आमच्यासारखाच कुठे तरी दूर नोकरीत असतो. बटाईदाराचे नाव खसऱ्यात शोधू गेल्यास सापडत नाही.