लक्कम्मांचे माप आणि परदेशी निघालेले घर

कल्याणनगरीत शरण दांपत्ये पुष्कळ होऊन गेली. परंतु घरखर्चाचा विषय निघाला की ज्यांचे स्मरण प्रथम व्हावे असे दांपत्य म्हणजे आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा. आजच्या रायचूर जिल्ह्यात लिंगसूगूर तालुक्यात अमरेश्वराचे क्षेत्र आहे. तेथून हे दोघे कल्याणास आले. म्हणजे तेही आपले गाव सोडून परमुलखात संसार मांडणारेच होते. अंगणात सांडलेला तांदूळ वेचून आणणे हे मारय्यांचे कायक. कानडीत अक्की म्हणजे तांदूळ. वेचलेल्या तांदळावरून त्यांना 'आयदक्की' हे नाव पडले. त्या तांदळाचा प्रसाद करून जंगमांना वाढायचा आणि मग आपण घ्यायचा, असा त्यांचा नेम.

एके दिवशी महामनेच्या अंगणात नेहमीपेक्षा अधिक तांदूळ सांडलेला होता. बसवण्णांनीच परीक्षा पाहण्यासाठी तो सांडवला, अशी कथा सांगतात. मारय्यांनी आनंदाने सगळा वेचला आणि घरी आणला. लक्कम्मांनी तो पाहिला मात्र, आणि हे जास्तीचे आपले नव्हे, जेथून आणले तेथे टाकून या, असे पतीला सांगितले. शून्यसंपादनेत या पतिपत्नींचा प्रसंग आला आहे आणि आपल्या मठामठांतून तो शेकडो वेळा सांगितला जातो. 'निर्लोभ असावे' एवढा अर्थ काढून आपण पुढे जातो. मला मात्र गेल्या वर्षी एका वहीमुळे या कथेपाशी थांबावे लागले.

आमच्या ओळखीच्या घरातला मुलगा इंजिनियर. त्याला इंग्लंडमध्ये तीन वर्षांची नोकरी मिळाली. बायको येथे शाळेत शिकवीत होती. मुलगी दोन वर्षांची. निघण्यापूर्वी नमस्काराला आले तेव्हा मुलाने पिशवीतून वही काढली आणि म्हणाला, "काका, तुम्ही आयुष्यभर पतपेढीचे हिशेब पाहिलेत. एवढे जरा तपासून द्या."

वही नीटनेटकी होती. पहिल्याच पानावर मोठा आकडा होता तो आरोग्य अधिभाराचा. ब्रिटनमध्ये दीर्घ मुदतीच्या व्हिसावर जाणाऱ्याला तेथील सरकारी दवाखान्यांसाठी हा पैसा अगोदरच भरावा लागतो. ६ फेब्रुवारी २०२४ पासून त्याचा दर प्रौढ माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि अठरा वर्षांखालील मुलाला ७७६ पौंड असा झाला. दोन प्रौढ, एक मूल, तीन वर्षे: एकूण ८,५३८ पौंड. पौंडाला शंभरच रुपये धरले तरी साडेआठ लाखांच्या वर जातात, आणि तेही पहिला पगार हाती येण्याच्या आधी. (परिचारिका, डॉक्टर वगैरे आरोग्यसेवेच्या व्हिसावर जाणाऱ्यांना हा अधिभार नाही. काही कंपन्या तो स्वतः भरतात. याच्या कंपनीने भरला नव्हता.) त्याखाली विमानभाडे, व्हिसाचे शुल्क, घराची अनामत. इंग्लंडमध्ये २०१९ च्या कायद्याने सर्वसाधारण भाड्याच्या घराची अनामत पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा अधिक घेता येत नाही. पण ती आणि पहिल्या महिन्याचे भाडे एकदमच द्यायचे. मग दरमहाचे रकाने: भाडे, नगरपालिकेचा कर, गॅस-वीज, पाणी, प्रवास, किराणा. नगरपालिकेचा कर बहुधा वर्षातून दहा हप्त्यांत घेतात, म्हणून दोन महिने हलके जातात. हे देखील त्याने नोंदवले होते. मी मनात शाबासकी दिली.

आकड्यांत चूक नव्हती. चूक वाटली ती दुसरीकडे. खर्चाच्या शेवटी 'धर्मादाय' असा रकाना होता, त्यापुढे शून्य. शिल्लक होती दरमहा काही शे पौंड. ती सगळी 'गावच्या घराचा मजला' या नावाने पुढे ओढलेली. आणि जमेच्या बाजूला, पहिल्या पानावर, 'दागिने' म्हणून साडेतीन लाख रुपये.

मी विचारले, "हे दागिने कोणाचे?"

"हिचेच," तो म्हणाला. "पाटल्या आणि बोरमाळ मोडली. तिनेच दिली, काका."

सूनबाई काही बोलली नाही.

आता मारय्यांच्या घराकडे पुन्हा वळू. लक्कम्मांनी तांदूळ पाहताक्षणी 'जास्त आहे' म्हटले. कशावरून? रोजचे माप घरात आधीच ठरलेले होते म्हणून. ते ठरलेले नसते तर आलेले धान्य चांगले की वाईट एवढेच पाहता आले असते. जास्त की कमी हे कळलेच नसते. आपल्या मुलांच्या वह्यांत खर्चाचा प्रत्येक रकाना मोजलेला असतो, फक्त 'किती झाले म्हणजे पुरे' हा रकाना नसतो. शिल्लक म्हणजे जी उरेल ती, आणि जितकी उरेल तितकी थोडीच.

दुसरी गोष्ट आपल्या ध्यानात सहसा येत नाही. मारय्यांनी तो तांदूळ स्वतःच्या पोटासाठी आणला नव्हता. जंगमांच्या ताटात जाणारे धान्य होते ते! तरीही लक्कम्मांनी ते चालवून घेतले नाही. दासोहाचे निमित्त सांगितले की जास्तीचे घेणे शुद्ध होते, ही पळवाट त्यांनी बंद करून टाकली. 'आधी भरपूर मिळवू, मग मठाला भरपूर देऊ' असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या देणगीच्या पाट्या आपण मठाच्या भिंतीवर आनंदाने लावतोही. असो.

तिसरी गोष्ट त्या घरातल्या बाईच्या शब्दाची. लक्कम्मा 'परत टाका' म्हणू शकल्या, कारण कायक दोघांचे होते आणि घर दोघांचे होते. आमच्या वहीत सूनबाईचे सोने जमेच्या बाजूला नुसते 'दागिने' म्हणून बसले होते. वस्तुतः ती रक्कम जमा नव्हती, देणे होते. कोणाकडून घेतले आणि कधी परत करायचे हे लिहिले नाही, तर त्या वहीत तिचा शब्द राहणार कुठे? तिची नोकरी सुटणार. मूल दोन वर्षांचे. इंग्लंडमध्ये तीन-चार वर्षांच्या मुलाला आठवड्याला पंधरा तास बालवर्ग फुकट मिळतो, पण त्याआधी पाळणाघराला पैसे भरायचे तर तो खर्च भाड्याशी बरोबरी करू लागतो. म्हणून वर्षभर तरी तीच घरी राहणार असे ठरलेले. मी मुलाला सांगितले, की या साडेतीन लाखांचा वेगळा रकाना कर, वर तिचे नाव लिही, आणि मजल्याच्या आधी तो फेड. तो जरा रागावला. "नवरा-बायकोत कसला आलाय हिशेब?" हे वाक्य नेहमी ज्याने घेतले तोच म्हणतो, असा पतपेढीतला माझा अनुभव आहे.

पण त्याने मग जो प्रश्न केला तो सोपा नव्हता, आणि त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. तो म्हणाला, "काका, लक्कम्मांचे खरे मानले तर आम्ही शिल्लकच टाकायला नको. त्यांनी उद्यासाठी मूठभरही ठेवले नाही. आणि तुम्हीच म्हणता, सहा महिन्यांची गंगाजळी ठेवून जा. दोन्ही कसे खरे?"

मी त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकलो नाही. पुढे विचार केला तो असा.

लक्कम्मांच्या घरात उद्याचे धान्य नव्हते हे खरे. पण उद्याची काळजी नव्हती याचे कारण नुसती श्रद्धा हेच नव्हे. त्या कल्याणात राहत होत्या. मारय्या आजारी पडले असते तर शेजारचा शरण धावून आला असता. महामनेत दासोह चालूच होता. त्यांची शिल्लक शेजाऱ्यांच्या घरांत ठेवलेली होती, आणि शेजाऱ्यांची त्यांच्या घरात. आपण गावाकडे आजही याच शिलकीवर जगतो. फक्त ती बँकेच्या पुस्तकात दिसत नाही. किराणावाल्याकडची उधारी, रात्री-अपरात्री मूल सांभाळणारी काकू, दवाखान्यात डबा नेणारा भाचा हे सगळे तिच्यात येते. विमानात बसणाऱ्या जोडप्याची ती शिल्लक एका दिवसात शून्यावर येते. तेथील सरकारही तिची जागा घेत नाही. या व्हिसावर सरकारी मदतनिधीचा आधार मिळणार नाही अशी अट असते, आणि नोकरी गेली तर दुसरी शोधायला साधारणपणे ६० दिवस मिळतात. ६० दिवसांत काम मिळाले नाही तर तिघांची परतीची तिकिटे, घराची आवराआवर, येथे येऊन नवी सुरुवात.

तेव्हा परदेशातली गंगाजळी ही हाव नव्हे. जे शेजारी मागे राहिले त्यांच्या जागी ठेवलेला तो पैसा आहे. आणि एकदा हे मान्य केले की तिचे मापही आपोआप सापडते. शेजाऱ्यांनी जेवढे केले असते तेवढे: चार-सहा महिन्यांचे भाडे आणि धान्य, तिघांचे परतीचे भाडे, अचानक आईवडिलांसाठी धावत यावे लागले तर एकाचे जाणे-येणे. त्याच्यावर जे साठेल ते शेजाऱ्यांच्या नावाने साठवता येणार नाही. त्याला दुसरे नाव द्यावे लागेल आणि ते नाव दोघांनी मिळून, निघण्यापूर्वी, वहीत लिहावे लागेल. नंतर लिहू म्हटले तर माप रोज वर सरकते. भीतीला पुरेसे असे कधी वाटतच नाही.

मजला बांधू नये असे माझे म्हणणे नाही. म्हाताऱ्या आईवडिलांना जिना चढवत नाही म्हणून खाली खोली बांधणे वेगळे, आणि गल्लीत दिसावा म्हणून मजला चढवणे वेगळे. यात गावचे लोकही निर्दोष नाहीत. पोराचा पगार पौंडात कळला की आपण लगेच शंभराने गुणतो. त्याचे भाडे मात्र कोणी गुणून पाहत नाही. इकडे ती मुलेही पहिले सहा महिने गुणाकार करीत राहतात, पण खर्चाचा. चार पौंडांची फळे म्हणजे चारशे रुपये झाले, नको! लेकराला थंडीचा चांगला कोट आठ हजारांचा, नको! अशा रीतीने तेथे पोटाला चिमटा आणि येथे वास्तुशांतीला हजार पाने, असा विचित्र संसार होतो. ज्या देशात मिळवायचे त्याच देशाच्या नाण्यात खायचे-ल्यायचे मोजावे. काटकसर म्हणजे लेकराला थंडीत कुडकुडत ठेवणे नव्हे.

शरणांच्या परंपरेत देशांतर करून आलेली घरे थोडी नाहीत. मोळिगे मारय्या आणि त्यांची पत्नी महादेवी हे काश्मीरचे राजा-राणी होते आणि कल्याणात येऊन त्यांनी लाकडाच्या मोळ्या विकल्या, असे परंपरा सांगते. तेथे देशांतर वैभव सोडण्यासाठी झाले, आज ते मिळवण्यासाठी होते. एवढ्यावरून आजच्या मुलांना नावे ठेवणे मला पटत नाही. राजवाड्यातून निघणे आणि दोन खोल्यांच्या घरातून निघणे यांत फरक आहे. परंतु महादेवींनी मोळीच्या पैशातही जंगमांचे ताट राखले, हा भाग दोन खोल्यांच्या घरालाही लागू पडतो. म्हणून शून्य असलेल्या त्या 'धर्मादाय' रकान्याकडे यावे लागते.

मी त्याला मठाला पैसे पाठव असे म्हटले नाही. लंडनमध्ये थेम्सच्या काठी, अल्बर्ट एम्बँकमेंटवर, १४ नोव्हेंबर २०१५ रोजी बसवेश्वरांचा पुतळा उभा राहिला. आपली मुले तेथे जाऊन छायाचित्रे पाठवतात. पाहून आनंद होतो. पण दासोह म्हणजे पाठवण्याची रक्कमच, असे समजायचे कारण नाही. परमुलखात नव्याने आलेल्याला सर्वांत कठीण जातो तो पहिला आठवडा: घर नाही, बँकेत खाते नाही, थंडीचा अंदाज नाही. त्या आठवड्यात कोणी अंथरूण आणि गरम भात दिला तर ती माणसे जन्मभर विसरत नाहीत. शिवाय वर जो विचार सांगितला त्याला ते धरूनच आहे. गंगाजळी शेजाऱ्यांच्या जागी असेल, तर नवे शेजारी जोडण्यावर केलेला खर्च हा तिच्यातून वजा होत नाही.

एवढे सगळे मी त्यांना पत्रातून कळवले, कारण तोवर ती मंडळी जाऊन महिना झाला होता. उत्तर मुलाकडून नाही, सूनबाईकडून आले. गंगाजळीचा आकडा दोघांनी ठरवला होता. तो मी सांगितल्यापेक्षा कमी होता, आणि का, तेही तिने लिहिले होते: त्याच रस्त्यावर सोलापूरकडचे एक कुटुंब निघाले आणि अडीअडचणीला येतो म्हणाले. सोन्याचा रकाना केला होता, दरमहा थोडे थोडे फेडायचे ठरले होते. मजल्याबाबत अजून एकमत नव्हते. 'धर्मादाय' खोडून तिने त्या जागी 'पाहुण्यांचा तांदूळ' असे लिहिले होते, महिन्याला दहा किलो. सध्या हैदराबादचा एक मुलगा त्यांच्या बैठकीच्या खोलीत झोपतो आहे आणि कुकर लहान असल्यामुळे भात दोनदा लावावा लागतो, असे पत्राच्या शेवटी होते.