शिपाई नसलेली शाळा

साताऱ्यातल्या एका पेठेत एक घर होतं. त्या घरातली मुलं शाळेत जात नसत, शाळाच घरी भरायची. मुलगी दहा वर्षांची, मुलगा सातचा. आई शिकवायची. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी वेळापत्रक चिकटवलेलं होतं आणि त्याच्या कडांना हळदीची बोटं लागली होती.

आई कष्टाळू होती. मुलांना शाळेतून काढलं तेव्हा चार नातेवाइकांनी नावं ठेवली होती. तेव्हापासून तिनं मनाशी गाठ बांधली होती, की आपली पोरं कुठंही मागं पडता कामा नयेत. पुढं मुक्त विद्यालयातून दहावीला बसवायचं, तर वयाची चौदा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे मुलीला अजून चार वर्षं होती. तरी आईला रोज वाटायचं, उशीर होतोय. मला या आईची भीती कळते. तिच्या कामावर ‘ठीक आहे’ अशी सही करणारं कुणीच नव्हतं.

श्रावण संपत आला आणि मंडळाच्या मांडवामागं गणपतीच्या कार्यक्रमांची तालीम सुरू झाली. मुलीला सावित्रीबाई फुल्यांची भूमिका मिळाली. आपल्याच जिल्ह्यातल्या नायगावची लेक १८४८ मध्ये पुण्यात मुलींना शिकवायला उभी राहते, तो प्रसंग. मुलगा लेझमीत होता.

आईनं ठरवलं, सण करू, पण अभ्यासही बुडू द्यायचा नाही. तिनं अपूर्णांकांची वही पिशवीत टाकली आणि मुलीला सांगितलं, दोन प्रवेशांच्या मध्ये तीन गणितं. मुलाला म्हणाली, “लेझीम खेळताना मनात साताचा पाढा म्हण. एका कामात दोन कामं होतील.”

रंगीत तालमीच्या दिवशी हलगी कडाडली. लाकडी दांडी, लोखंडी साखळी, साखळीतल्या चकत्या. सगळ्यांचा एकच आवाज यावा लागतो, तरच ती लेझीम. ठेका चाराचा आणि हा पोरगा साताच्या पाढ्यात. ‘सात साते एकोणपन्नास’पर्यंत कसाबसा आला, ‘सात आठे’ला अडकला. रांग डावीकडं वळली, हा उजवीकडं. शेजारच्याच्या कोपराला याची दांडी लागली. पोरं हसली. थोड्या वेळानं मुलगी नऊवारी सावरत पुढं आली आणि गप्प उभी राहिली. ओठांवर वाक्य नव्हतं. छेद समान करायचं गणित तिच्या डोक्यातून उतरलंच नव्हतं.

घरी आल्यावर मुलानं लेझीम कोपऱ्यात टाकली. “मला लेझीम नको आणि पाढेपण नकोत.”

आजी वाती वळत बसली होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिची उभी हयात गेली होती. मुलं झोपल्यावर ती सुनेला म्हणाली, “अगं, या शाळेत तू बाई आहेस, हेडबाई आहेस, परीक्षकही तूच. पण शिपाई कोण?”

“शिपाई कशाला हवा, आई?”

“घंटा द्यायला. आमचा शिपाई घंटा द्यायचा म्हणून शाळा भरायची, आणि त्यानंच दिली की सुटायची. तुझी शाळा भरते, पण सुटतच नाही. पोरं मांडवात गेली तरी शाळा त्यांच्या मागं मागं जाते. मग ना धड पाढा, ना धड लेझीम. घरात शाळा आणलीस, तर सुट्टीही आणायला हवी. हजेरीची वही काढ बघू.”

वही निघाली. गेल्या गणपतीपासून अभ्यासाचे दिवस भरले ३१२.

“२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस सांगितलेत,” आजी म्हणाली. “वरचे सगळे दिवस तू कुणाच्या भीतीनं भरलेस?”

आई बराच वेळ वहीकडं बघत राहिली.

सकाळी तिनं देवघरातली जुनी पितळी घंटा मुलाच्या हातात दिली. “आजपासून तू आपल्या शाळेचा शिपाई. तालमीच्या दिवसांत नऊला घंटा, दहाला घंटा. गणपतीचे दहा दिवस शाळा बंद.” पहिल्याच दिवशी दहाला घंटा झाली तेव्हा गणिताच्या दोनच ओळी उरल्या होत्या. आईनं वही मिटली. सोपं नव्हतं ते. गौरी जेवल्या त्या दुपारीही तिचा हात नकळत पुस्तकांच्या फळीकडं गेला होता. मुलानं नुसतं घंटेकडं पाहिलं, आणि ती पुरणपोळ्यांच्या डब्याकडं वळली.

कार्यक्रम झाला. मुलगी एकदाही अडखळली नाही.

अनंत चतुर्दशीला मिरवणुकीत मुलगा हलगीपुढं तासभर नाचला आणि गुलालानं माखून, लेझीम खांद्यावर टाकून घरी आला. पायरीवर चपला काढता काढता म्हणाला, “आई, आठ ठोक्यांचा एक हात असतो. चौकात मी मोजलं. असे सात हात केले की छप्पन्न होतात. सात आठे छप्पन्न!”

आईचे डोळे चमकले. ती लगबगीनं उठली आणि वही शोधू लागली.

“आई,” मुलगा म्हणाला, “अजून घंटा कुठं झालीय?”