लहान मुलाला दिलेला भाव

एक लहान मूल दुकानात येते. त्याला भाव ठाऊक नाही, काट्याकडे त्याचे लक्ष नाही. दुकानदाराने दोन पैसे जास्त लावले तरी कुणाला पत्ता लागणार नाही. पण तो मोठ्या माणसाला लावतो तोच भाव त्यालाही लावतो. हे मूल युरोपातल्या दोन नामांकित पुस्तकांत, सुमारे नव्वद वर्षांच्या अंतराने, भेटते. पहिल्या पुस्तकात ते श्रद्धेच्या बाजूने साक्ष देते. दुसऱ्यात तेच मूल मनात संशय पेरून जाते.

पहिले पुस्तक म्हणजे क्वेकर पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स याची रोजनिशी. फॉक्स १६९१ मध्ये वारला आणि १६९४ मध्ये ती छापली गेली. त्यात तो सांगतो, की सुरुवातीला लोकांनी क्वेकर दुकानदारांकडे जाणेच सोडले. हे लोक कुणापुढे टोपी काढत नसत, कुणाला लवून नमस्कार करत नसत, सरदारालाही साध्या एकेरीत हाक मारत. गिऱ्हाईक तुटले, काहींच्या घरी भाकरीचे वांधे झाले. पण हळूहळू लोकांच्या ध्यानात आले, की ही माणसे सांगतात तेच देतात आणि पोराला पाठवले तरी फसवत नाहीत. मग शेजारचा धंदाही त्यांच्याकडे वळला. क्वेकर शिंपी कुठे बसतो, क्वेकर चांभार कुठे राहतो, याची चौकशी होऊ लागली.

दुसरे पुस्तक जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याचे, नीतीचा पाया शोधणारे, १७८५ चे. कांटचा दुकानदारही मुलाला वाजवी भावच लावतो. पण त्याला प्रामाणिक म्हणायचे का, असा कांटचा सवाल आहे. एकच भाव ठेवला की नाव होते, नाव झाले की गिऱ्हाईक वाढते, हे तो पुरते जाणून आहे. त्याचे वागणे कर्तव्याला धरून आहे, पण ते कर्तव्यासाठी केलेले नाही. उद्या फसवण्यात जास्त नफा दिसला तर हा माणूस काय करील, याची हमी त्या भावात कुठेच नाही.

‘अस्सल ब्रँड’ कसा उभारावा, हे शिकवणाऱ्या कार्यशाळांना आज तोटा नाही. स्वतःशी खरे राहा, आपली कहाणी सांगा, पारदर्शक व्हा, म्हणजे लोक विश्वास ठेवतील आणि विश्वास ठेवला की विकत घेतील, असा त्यांचा एकूण सूर असतो. उपदेश वाईट नाही. पण खरेपणाचे कारण म्हणून विक्री पुढे केली, की आपण थेट कांटच्या दुकानात येऊन उभे राहतो.

फॉक्सच्या अनुयायांनी सुरुवात मात्र विक्रीपासून केली नव्हती. त्यांच्या लेखी घासाघीस हे पाप होते. दहा शिलिंग सांगायचे आणि मनात आठला द्यायची तयारी ठेवायची, म्हणजे तोंडाने खोटे बोलणे झाले. म्हणून एकच भाव, पटला तर घ्या. न्यायालयात शपथ घ्यायलाही ते नकार देत. शपथेवर बोललेले तेवढे खरे मानायचे, तर एरवीच्या बोलण्याला खोटेपणाची मुभा दिल्यासारखे होते, हे त्यांचे म्हणणे. या हट्टापायी शेकडो माणसे तुरुंगात गेली. १६९६ मध्ये इंग्लंडच्या कायद्याने त्यांना शपथेऐवजी साधे प्रतिज्ञापूर्वक कथन करण्याची सवलत दिली. ऑक्सफर्ड-केंब्रिजची आणि सरकारी पदांची दारे बंद असल्याने हुशार क्वेकर मुले व्यापारात उतरली. बार्कलेज आणि लॉइड्स या बँका, क्लार्क्सचे जोडे, फ्राय, राउंट्री आणि कॅडबरी यांची चॉकलेटे ही सगळी याच लहानशा पंथातल्या घराण्यांची निर्मिती.

या लौकिकामागे नुसती सज्जनता नव्हती. पंथाच्या सभा सभासदांच्या कर्जावर आणि उधारीवर नजर ठेवत. दिवाळे वाजले तर माणसाला सभेतून काढले जाई, कारण त्याने दुसऱ्याचा पैसा धोक्यात घातला होता. तुरुंगसुधारणेसाठी युरोपभर गाजलेल्या एलिझाबेथ फ्राय यांचे पती जोसेफ फ्राय यांनाही १८२८ मध्ये बँक बुडाल्यावर पंथाने बाहेर काढले. पत्नीची कीर्ती त्यांच्या कामी आली नाही. क्वेकर नावाला बाजारात किंमत होती, ती अशा निर्णयांमुळे.

किंमत आली की नक्कल आलीच. १८७७ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील एका गिरणीने क्वेकर वेशातल्या माणसाचे चित्र ओट्ससाठी व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले. त्या धंद्याचा पंथाशी काडीचा संबंध नव्हता. सचोटीचा भास निर्माण करणारा चेहरा हवा होता, तो मिळाला. आज पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरांतही तो डबा दिसतो. टोपी न काढण्यापायी ज्यांनी मार खाल्ला, त्यांची टोपी खोक्यावर अशी कायमची बसली.

मग अस्सल क्वेकरांचे काय? जॉन कॅडबरी यांनी १८२४ मध्ये बर्मिंगहॅमच्या बुल स्ट्रीटवर चहा-कॉफीचे दुकान काढले. १८६१ मध्ये धंदा रिचर्ड आणि जॉर्ज या मुलांकडे आला, तेव्हा तो डबघाईला आलेला होता. त्या काळी विकला जाणारा कोको म्हणजे बटाट्याचे पीठ, साबुदाणा आणि काकवी घातलेली पेज असे. आपल्या मालातही कोको फक्त एक पंचमांश होता आणि त्याचा अभिमान वाटावा असे काही नव्हते, हे जॉर्ज यांनी पुढे स्वतःच सांगितले. १८६६ मध्ये त्यांनी हॉलंडचे यंत्र आणून भेसळ नसलेला कोको काढला आणि शुद्धता हीच त्याची जाहिरात केली. इतर क्वेकर कारखानदारांना, विशेषतः जोसेफ राउंट्री यांना, जाहिरातबाजीचे वावडे होते. आपल्याच मालाची स्तुती त्यांना खोट्याच्या फार जवळची वाटे. जॉर्ज यांनी ते मानले नाही. ते सत्यच सांगत होते, आणि ते खपतही होते.

इथपर्यंत फॉक्स आणि कांट दोघेही खूश असावेत. सत्य आणि नफा हातात हात घालून चालले होते. त्यातून १८७९ मध्ये बोर्नव्हिलचा कारखाना उभा राहिला, पुढे कामगारांसाठी बागेसह घरे आली. पण सगळे सुरळीत चालले असताना हेतूची परीक्षा होत नाही.

ती झाली १९०१ मध्ये. जॉनचा नातू विल्यम कॅडबरी याच्या कानावर आले, की पश्चिम आफ्रिकेजवळच्या साओ टोमे या पोर्तुगीज बेटावरच्या कोकोच्या मळ्यांत नावाला ‘करारबद्ध’ असलेले मजूर प्रत्यक्षात गुलाम आहेत. त्यांना अंगोलातून आणले जाई आणि परत कुणी जात नसे. विक्रीला निघालेल्या एका मळ्याच्या यादीत जमीन आणि यंत्रांच्या जोडीला मजूरही मालमत्ता म्हणून मांडलेले होते. कंपनीचा निम्म्याच्या आसपास कोको त्या बेटावरून येत होता. आणि क्वेकर तर गुलामगिरीविरोधी चळवळीचे अग्रदूत.

विल्यम लिस्बनला गेला, पोर्तुगीज अधिकाऱ्यांशी बोलला, चौकशीला माणूस पाठवला, ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या सल्ल्याने थांबला. खरेदी चालू राहिली तरच आपल्या शब्दाला तिथे वजन राहील, असा त्याचा युक्तिवाद होता. तो सर्वस्वी खोटाही नव्हता. दरम्यान पश्चिम आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्ट या ब्रिटिश वसाहतीचा कोको पर्याय म्हणून बाजारात येऊ लागला. १९०६ मध्ये पत्रकार हेन्री नेव्हिन्सनचे या गुलामगिरीवरचे पुस्तक निघाले. कंपनीने बहिष्कार जाहीर केला तो मार्च १९०९ मध्ये. म्हणजे कळल्यापासून आठ वर्षे त्या बेटाचा कोको शुद्ध म्हणून विकला गेला, आणि तो खरोखर शुद्ध होता. त्यात पीठ नव्हते.

याआधीच, १९०८ च्या सप्टेंबरात, ‘स्टँडर्ड’ या लंडनच्या दैनिकाने कंपनीवर ढोंगाचा आरोप केला होता. त्याला धारही होती. जॉर्ज कॅडबरी यांच्या मालकीचे ‘डेली न्यूज’ दक्षिण आफ्रिकेतल्या चिनी मजुरांच्या हालांवर सरकारला धारेवर धरत आले होते. कंपनीने बदनामीचा दावा लावला. डिसेंबर १९०९ मध्ये बर्मिंगहॅमला खटला चालला. दैनिकाच्या बाजूने एडवर्ड कार्सन यांनी विल्यमची कसून उलटतपासणी केली. ज्युरीने निकाल कॅडबरींच्या बाजूने दिला आणि भरपाई ठरवली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. बदनामी झाली हे मान्य, पण गेलेल्या नावाची किंमत तेवढीच.

कांटने इशारा देऊन ठेवला होता, की निव्वळ कर्तव्यापोटी केलेले एकही कृत्य अनुभवातून खात्रीने दाखवता येणार नाही. मनाच्या तळाशी काय आहे, ते करणाऱ्यालाही पुरते दिसत नाही. विल्यमबाबतही ‘तो ढोंगी होता’ हे वाक्य छातीठोकपणे लिहिता येत नाही. दुसरे मात्र लिहिता येते. त्याची सचोटी जिथे स्वतःच्या पदरचे मोजायचे होते तिथे चोख होती. ज्या विलंबाची किंमत अंगोलाचे मजूर मोजत होते, तिथे ती सबुरीने घेत राहिली.

याच्या शेजारी तुकोबांची गोष्ट ठेवून पाहावी. फॉक्स विशीत होता तेव्हा देहूत तुकोबांची अखेरची वर्षे चालू होती. घरी वाण्याचे दुकान आणि सावकारी. दुष्काळाने दोन्ही बसली. परंपरा सांगते, की त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली. त्या कथेतला एक बारकावा सहसा सांगितला जात नाही. तुकोबांनी आधी खतांच्या वाटण्या केल्या, धाकट्या भावाला, कान्होबाला, त्याचा निम्मा वाटा दिला आणि मग स्वतःचाच वाटा पाण्यात सोडला. भावाच्या पैशावर त्यांनी उदारपणा केला नाही. हेतूचा तळ कांटलाही सापडला नसता, पण किंमत कुणी मोजली हे त्या वाटणीत स्वच्छ दिसते. एखाद्या नावाचा खरेपणा पारखायचा तर बाहेरच्या माणसाला हाच एक प्रश्न विचारता येतो.

त्याच इंद्रायणीच्या काठी, तळेगावजवळ इंदुरीला, आज कॅडबरीचा कारखाना आहे. ऑक्टोबर २००३ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, महाराष्ट्रात डेअरी मिल्कच्या वड्यांत अळ्या सापडल्या. कंपनीने आधी दुकानांतल्या साठवणुकीकडे बोट दाखवले. अन्न व औषध प्रशासनाला ते पटले नाही, खप घसरला. मग ‘प्रोजेक्ट विश्वास’ आला, दुकानदारांकडे तपासणी झाली, पुढच्या वर्षी महागडे नवे वेष्टन आले आणि जाहिरातीत अमिताभ बच्चन. वेष्टन बदलणे हा खरा खर्च होता आणि तो कंपनीने स्वतः केला. बच्चन हा उसना चेहरा. विश्वास दोन्हींमुळे परतला, पण दोन्हींची जात एक नाही.

त्या वेष्टनाच्या जांभळ्या रंगावर जी वळणदार सही दिसते, ती विल्यम कॅडबरीच्या सहीवरून घेतलेली आहे. सही तीच राहिली, मालक बदलले. फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकेच्या क्राफ्टने सुमारे ११५० कोटी पौंडांना कॅडबरी घेतली. ब्रिस्टलजवळचा सॉमरडेल कारखाना जुन्या फ्राय घराण्याचा. तो बंद करायचे कॅडबरीने आधीच ठरवले होते. क्राफ्टने बोली लावताना तो चालू ठेवता येईल असा विश्वास जाहीरपणे व्यक्त केला होता. ताबा मिळाल्यावर आठवड्याभरातच तो बंद होणार असे सांगितले. ब्रिटनच्या टेकओव्हर पॅनेलने मे २०१० मध्ये क्राफ्टवर जाहीर ठपका ठेवला. सॉमरडेल २०११ च्या सुरुवातीला बंद झाला.