खाटेवरचे उरलेले तास

मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी गुठळीमुळे बंद पडली किंवा फुटली, की तिच्यावर पोसल्या जाणाऱ्या पेशी मरू लागतात. या आजाराला वैद्यकात पक्षाघात म्हणतात आणि मराठवाड्यातील घरांत तो ‘अंगावरून वारं गेलं’ अशा शब्दांत सांगितला जातो. छत्रपती संभाजीनगर येथे १९५६ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, म्हणजे साऱ्या मराठवाड्याची ‘घाटी’, येथे जालना, बीड, परभणीकडून असे रुग्ण आणले जातात. जिवावरचे संकट टळले की नातेवाइकांचा पहिला प्रश्न बहुधा पायाविषयीच असतो. हात उशिरा आला तरी चालेल, पण माणूस स्वतःच्या पायांनी शौचालयापर्यंत जाईल ना, हे त्यांना आधी हवे असते.

या प्रश्नाचे उत्तर जितके औषधात असते तितकेच दिवसाच्या तासांत असते. फिजिओथेरपिस्ट, म्हणजे व्यायाम आणि हालचालींच्या साहाय्याने उपचार करणारा तज्ज्ञ, कितीही कळकळीचा असला तरी एका रुग्णाला दिवसातून फार तर तासभर देऊ शकतो. बाकीचे तास रुग्ण खाटेवर असतो. ही उणीव केवळ गर्दीच्या सरकारी दवाखान्यांची आहे असेही नाही. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात पक्षाघाताच्या खास कक्षांत केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले, की पहिल्या चौदा दिवसांत रुग्णांचा दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ अंथरुणात जात होता आणि सुमारे ६० टक्के वेळ ते एकटे होते. एकटेपणाच्या बाबतीत आपल्याकडे स्थिती निराळी आहे, कारण येथे खाटेशेजारी जवळचे कोणी ना कोणी बसलेलेच असते.

या उरलेल्या तासांत रुग्णाने स्वतः व्यायाम का करायचा, हे मेंदूकडे पाहिले की कळते. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, परंतु शेजारच्या आणि दूरच्या पेशी नव्या जोडण्या करून गेलेले काम अंशतः उचलू शकतात. मेंदूच्या या क्षमतेला मज्जासंस्थेची लवचीकता म्हणतात आणि तिला पुनरावृत्ती लागते. पाच-दहा वेळा पाय हलवून ती जागी होत नाही, तीच हालचाल शेकडो वेळा, लक्षपूर्वक आणि थोडी अवघड करत जावी लागते. उलट बाजूने, दुबळ्या अवयवाने काही साधत नाही असा अनुभव वारंवार आला की मेंदू त्याचा वापरच सोडून देतो. एडवर्ड टॉब या शास्त्रज्ञाने आधी माकडांच्या आणि नंतर माणसांच्या हातांबाबत हे दाखवले व त्याला ‘शिकलेला अ-वापर’ अशा अर्थाचे नाव दिले. पायाच्या बाबतीत ही फसगत अधिक सहज होते, कारण चांगला पाय सगळा भार गुपचूप स्वतःवर घेतो.

खाटेच्या कडेवर बसून उभे राहण्याचा साधा व्यायाम पाहिला तरी हे लक्षात येते. दोन्ही पावले गुडघ्यांच्या किंचित मागे, टाचा जमिनीला टेकलेल्या, छाती पुढे झुकलेली अशी स्थिती घेऊन उठायचे असते. परंतु रुग्ण नकळत दुबळे पाऊल पुढे सरकवतो, चांगल्या हाताने खाटेचा गज ओढतो आणि उभा राहतो. बघणाऱ्याला वाटते जमले, प्रत्यक्षात दुबळ्या पायाने काहीच केलेले नसते. तेच पाऊल मागे घेऊन पुन्हा उठायला लावले की मांडी थरथरते, आणि ती थरथर हीच त्या पायाला काम मिळाल्याची खूण असते. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलण्याच्या व्यायामातही दुबळा गुडघा बाहेर कलंडतो. तेथे शेजारच्या माणसाने फक्त तळवा टेकवून तो थोपवायचा असतो, कंबर उचलून द्यायची नसते. पाऊल घोट्यातून वर ओढण्याचा व्यायाम क्षुल्लक वाटतो, पण तो राहिला तर पोटरी आखडते, चवडा जमिनीला घासतो, आणि घरी गेल्यावर उंबरठा किंवा एसटीची पायरी हीच ठेच लागण्याची जागा ठरते.

येथे घाईलाही स्थान नाही. २१०४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅव्हर्ट’ या चाचणीत, झटक्यानंतर २४ तासांच्या आत सुरू केलेल्या भरपूर उठबशीने तीन महिन्यांनी रुग्णांची स्थिती चांगली होण्याची शक्यता घटल्याचे आढळले. पुढील विश्लेषणाने थोडा थोडा वेळ, पण अधिक वेळा, ही रीत हितकर असल्याचे सुचवले. म्हणून कधी उठायचे, रक्तदाब किती असताना थांबायचे आणि उभे राहताना जवळ कोण हवे, हे डॉक्टरांनी व फिजिओथेरपिस्टने ठरवल्यावरच रुग्णाचा स्वतःचा व्यायाम सुरू होतो.

नातेवाइकांच्या मायेचा प्रश्न याहून नाजूक आहे. ‘तुम्ही राहू द्या, आम्ही करतो’ असे म्हणून वडिलांचा पाय उचलून ठेवणारा मुलगा सेवाच करत असतो, परंतु त्या क्षणी व्यायामाची एक संधी हिरावली जाते. मात्र यावरून घरच्यांना थोडे शिकवले की तज्ज्ञांची गरज संपते, असा सोयीस्कर निष्कर्ष काढणे चूक ठरेल. भारतातीलच १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर झालेल्या ‘अटेंड’ या चाचणीत कुटुंबीयांना प्रशिक्षण देऊन पुनर्वसन त्यांच्या हाती सोपवले गेले. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनी मृत वा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण हा गट आणि नेहमीचेच उपचार मिळालेला गट अशा दोन्ही गटांत सुमारे ४७ टक्के, म्हणजे सारखेच राहिले. स्वयंव्यायाम हा मनुष्यबळाच्या टंचाईवरचा स्वस्त उतारा नव्हे. तो तज्ज्ञाच्या नजरेखाली रुग्णाने घ्यायचे शिक्षण आहे, आणि दर दोन-तीन दिवसांनी कोणी चूक दाखवली नाही तर चुकीचीच हालचाल पक्की होते.

त्यामुळे रुग्णालयांकडे एक मागणी रास्त आहे. गोळ्यांच्या चिठ्ठीइतक्याच काळजीने प्रत्येक खाटेला मराठीत लिहिलेला, चित्रांसह व्यायामाचा कागद लावावा, त्यावर किती वेळा आणि कोणाच्या आधाराने हे नमूद असावे, आणि रुग्णालयातून घरी सोडण्याच्या दिवशी तोच कागद पुढील तपासणीच्या तारखेसह रुग्णाच्या हाती द्यावा.