लज्जा आणि मौन

गोंदिया जिल्ह्याला दक्षिणेकडे लागून गडचिरोली जिल्हा आहे. धानाची शेती, जंगल आणि रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून राबणाऱ्या स्त्रिया, हे चित्र दोन्हींकडे सारखेच. गडचिरोलीतील दोन खेड्यांत डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शंभरातील ५५ स्त्रियांनी तक्रार सांगितली; स्त्रीरोग वा लैंगिक आजार मात्र ९२ जणींना आढळले. पूर्वी कधी अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया शंभरात अवघ्या ८ होत्या.

झाकलेले झाकलेलेच राहावे, हा आपल्या घरांतील संस्कार. मग अशा विषयाचे संशोधन म्हणजे मर्यादाभंग नव्हे काय?

येथे लज्जा आणि मौन यांतील भेद ध्यानी घ्यावा लागतो. लज्जा हे स्त्रीने आपल्या देहाभोवती स्वतः घातलेले कुंपण आहे. त्याचे फाटक कोणासाठी उघडावे, हे तिनेच ठरवावे. मौन मात्र इतरांनी तिच्यावर लादलेले असते. काही आजार जाणवतच नाहीत, हे खरे. परंतु अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, हे सांगणारीला 'बाईच्या जातीला हे चालायचेच' असे उत्तर मिळते, तेव्हा तिची लज्जा राखली जात नाही, तिचे दुखणे तेवढे दडपले जाते.

अर्थात विचारणाऱ्यावरही बंधने आहेत. तिची संमती हवी, गुप्तता हवी आणि आजार आढळल्यास उपचार हवा. एरवी ती विचारपूस निव्वळ कुतूहल ठरेल.

मार्काच्या शुभवर्तमानातील बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री लपतछपत, गर्दीतून मागून आली. प्रभूने तिला दटावले नाही. तिची सारी हकीकत ऐकून घेतली आणि तिला कन्या म्हणून संबोधिले.

आपल्या कुटुंबांतूनही असे ऐकणारे कोणी हवे. सुनेने दुखणे सांगितले तर सासूने तिला वेळीच डॉक्टरांकडे न्यावे. काही संसर्ग सहवासातून पसरतात. त्यांत पती-पत्नी दोघांवरही उपचार व्हावे लागतात, अन्यथा रोग परत येतो. म्हणून दवाखान्याची वाट पतीनेही तिच्यासोबत चालावी.