दुसऱ्याच्या वाटेचे नाव

इ. स. ६४७ मध्ये चीनच्या चांगआन या राजधानीत एका शब्दावरून मोठा वाद झाला. सम्राट ताइत्सुंग याने लाओत्सेचा ‘ताओ ते चिंग’ हा ग्रंथ संस्कृतात उतरवून हिंदुस्थानात पाठविण्याची आज्ञा केली होती. हे काम ह्युएनत्संग या बौद्ध भिक्षूवर सोपविण्यात आले, आणि त्याच्या मदतीला ताओपंथी विद्वान देण्यात आले. ह्युएनत्संग हिंदुस्थानात अनेक वर्षे राहून ६४५ मध्येच मायदेशी परतला होता. त्याच्या तोडीचा संस्कृतज्ञ चीनमध्ये दुसरा नव्हता. पण घोडे पहिल्याच शब्दापाशी अडले. ‘ताओ’ला संस्कृतात काय म्हणावे?

ह्युएनत्संग म्हणाला, ‘मार्ग’. ताओपंथी म्हणाले, ‘बोधी’. चिनी बौद्धांनी आजवर ‘बोधी’चे भाषांतर ‘ताओ’ असेच केले आहे, मग उलट दिशेने ‘ताओ’चे भाषांतर ‘बोधी’ का करू नये, असा त्यांचा बिनतोड वाटणारा युक्तिवाद होता. ह्युएनत्संग बधला नाही. बोधी म्हणजे जागृती, ताओ म्हणजे वाट. दोन्ही एक नव्हेत, आणि बौद्ध ग्रंथांतील परिभाषा उसनी घेऊन लाओत्से समजावून सांगू नये, असे त्याचे म्हणणे. अखेर त्याचेच चालले. त्या भाषांतराची एकही प्रत आज उपलब्ध नाही. वादाचा वृत्तांत मात्र ताओश्वान नावाच्या बौद्ध भिक्षूने लिहून ठेवला, म्हणून तो टिकला. ताओपंथीयांची बाजू आपल्याला त्यांच्या प्रतिपक्षाच्या तोंडूनच ऐकावी लागते, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे.

चिचगडच्या बाजूला राहणाऱ्या माणसाने चांगआनची कथा कशाला सांगावी, असे कोणी विचारील. एक कारण असे की ह्युएनत्संग आपल्याला अगदीच परका नाही. तो महाराष्ट्रात येऊन गेला. पुलकेशीविषयी आणि इथल्या मानी, उपकार न विसरणाऱ्या व अपमान न सोसणाऱ्या माणसांविषयी त्याने लिहिले आहे. तो दक्षिण कोसलातही गेला. त्या देशाची राजधानी भांदक की सिरपूर याबद्दल विद्वानांचे एकमत नाही. पण ही दोन्ही स्थळे आमच्या या अरण्यपट्ट्याच्या दोन अंगांना आहेत. दुसरे कारण महत्त्वाचे आहे. दुसऱ्याच्या श्रद्धेतील परमोच्च गोष्टीला आपल्या भाषेत नाव देण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे, आणि दिलेच तर प्रामाणिकपणे कसे द्यावे, हा प्रश्न आम्हा ख्रिस्ती कुटुंबांपुढे नित्य उभा असतो. शेजाऱ्याच्या जत्रेविषयी घरात बोलताना तो असतो, आणि मुलगा कुठल्याशा ध्यानशिबिराला जाऊन आल्यावरही असतो.

वरवर पाहता ह्युएनत्संगाचा पक्ष बरोबर आहे. चिनी भाषेत ताओ म्हणजे वाट, रस्ता. मार्ग म्हणजेही वाट. ‘तुमचे ते आमचेच’ असे म्हणून त्याने खोटा गोडवा दाखविला नाही. परंतु बौद्ध माणसाच्या कानाला ‘मार्ग’ या शब्दातून काय ऐकू येते? अष्टांगिक मार्ग, म्हणजे साधन. मुक्कामाला पोहोचलो की वाट मागे राहते. लाओत्सेचा ताओ तसा नाही. त्याच्यातूनच सर्व वस्तुमात्र उपजते, त्याच्यातच ते परतते, आणि त्याला नाव देता येत नाही असे तो ग्रंथ आरंभीच बजावतो. शब्द अचूक आणि अर्थाची उंची मात्र उतरलेली! शब्दकोशाच्या दृष्टीने निर्दोष असलेले भाषांतर दुसऱ्याला कमी लेखू शकते, ही गोष्ट मला या वादात फार बोचते. ताओपंथीयांनी ‘बोधी’चा आग्रह धरला तो अज्ञानापोटी नव्हे. परक्या घरी जाताना आपल्या वडीलधाऱ्या माणसाला त्या घरातील सर्वांत मानाचे आसन मिळावे, एवढीच त्यांची इच्छा असावी.

आमच्या मराठी कानाची तऱ्हा तर आणखी निराळी. काम ‘मार्गी लागले’ की आपण समाधान पावतो आणि कामाची ‘वाट लागली’ की कपाळाला हात लावतो. शब्दकोशात मात्र मार्ग आणि वाट शेजारी शेजारी सुखाने नांदतात. ख्रिस्ती माणसाला ‘मार्ग’ म्हटले की साधन आठवत नाही, व्यक्ती आठवते. प्रभू येशूने स्वतःलाच मार्ग म्हटले. ‘ख्रिस्ती’ हे नाव अंत्युखियात पडण्यापूर्वी त्याच्या अनुयायांच्या जीवनक्रमालाही ‘मार्ग’ असेच म्हटले जाई, याची साक्ष प्रेषितांच्या कृत्यांत आहे. इथे वाट आणि मुक्काम वेगळे राहत नाहीत. म्हणजे ह्युएनत्संगाचा शब्द एखाद्या मराठी ख्रिस्ती भाषांतरकाराने लिहिला असता, तर तो कदाचित लाओत्सेच्या अधिक जवळ गेला असता. कदाचितच म्हणतो; कारण आपला मार्ग आपल्याला नावाने हाक मारतो, लाओत्सेचा ताओ कोणालाच हाक मारीत नाही. हा भेद पुसून टाकणे कोणाच्याच हिताचे नाही.

पुसून टाकण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. युरोपातील काही येशूसंघीय पंडितांना अठराव्या शतकात ‘ताओ ते चिंग’मध्ये पवित्र त्रैक्याच्या खुणा दिसू लागल्या. १८२३ मध्ये फ्रान्समधील आबेल रेम्युझा यांनी त्या ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायातील तीन अक्षरे जोडून त्यांतून ‘याव्हे’ हे इस्राएलच्या देवाचे नाव वाचले! त्यांचेच शिष्य स्तानिस्लास ज्युलियाँ यांनी १८४२ च्या आपल्या भाषांतरात गुरूचे हे मत खोडून काढले. आज हसू येते; पण त्या हौसेमागे प्रेम होते हे विसरू नये. आपल्याला जे प्रिय आहे ते दुसऱ्याच्या घरातही असावे, असे वाटणे हा काही अपराध नव्हे. मात्र अशा प्रेमाला समोरच्या माणसाची गरज उरत नाही, कारण ते त्याच्या चेहऱ्यात आपलाच चेहरा पाहत असते.

याच्या उलट टोकाला मातेओ रिची. ते १५७८ मध्ये गोव्याला आले आणि १५८२ मध्ये मकावला गेले. दरम्यान १५७९ मध्ये फादर थॉमस स्टीफन्सही गोव्यात उतरले होते. एकाच संघाचे दोन पुत्र, जवळजवळ एकाच वेळी पश्चिम किनाऱ्यावर. एकाने चिनी पंडितांचा पोशाख चढविला, दुसऱ्याने मराठी ओवी हाती धरली. रिचींनी कन्फ्यूशियसच्या परंपरेशी जेवढा आदराने संवाद साधला, तेवढेच ते ताओपंथीयांशी कठोर वागले. ताओपंथी ज्याला ‘शून्य’ म्हणतात त्यातून काही निपजणे शक्य नाही, असे त्यांनी १६०३ च्या आपल्या चिनी ग्रंथात प्रतिपादिले. स्टीफन्स यांनी मात्र १६१६ मध्ये छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द बेधडक वापरला. विष्णूचे नाव ज्या शब्दाला चिकटलेले आहे तो त्यांनी उचलला, आणि सासष्टीच्या घराघरांतून त्यांच्या ओव्या पुढे पिढ्यान्‌पिढ्या म्हटल्या गेल्या. रिची सावध होते, स्टीफन्स धीट. माझा कल स्टीफन्स यांच्याकडे आहे. तरीही ‘वैकुंठ’ हा शब्द ज्यांचा होता त्यांना त्या वेळी काय वाटले असेल, हे कोणी विचारल्याचे दिसत नाही.

योहानकृत शुभवर्तमानाच्या आरंभी ‘लोगोस’ हा ग्रीक शब्द येतो. मराठीत आपण त्याला ‘शब्द’ म्हणतो. चिनी प्रॉटेस्टंटांच्या १९१९ च्या प्रसिद्ध बायबलमध्ये तिथे ‘ताओ’ हाच शब्द आहे. जॉन वू या कॅथोलिक पंडिताच्या १९४९ च्या नव्या करारातही तोच आहे. वू हे कायदेपंडित. १९३७ मध्ये ते कॅथोलिक झाले आणि पुढे चीनचे व्हॅटिकनमधील राजदूत होते. गंमत अशी की १९६८ मध्ये पूर्ण झालेल्या चिनी कॅथोलिक बायबलने ‘ताओ’ सोडून ‘पवित्र शब्द’ या अर्थाचा शब्द घेतला. तेराशे वर्षांपूर्वीचा वाद दोन ख्रिस्ती बायबलांत असा अजूनही चालू आहे. वू यांची गोष्ट मला वेगळी वाटते ती अशासाठी, की लाओत्से त्यांना बाहेरून आणावा लागला नाही. तो त्यांच्या घरचाच होता. ख्रिस्ताकडे जाताना ते त्याला दाराबाहेर ठेवून गेले नाहीत, एवढेच. अमेरिकेतील ट्रॅपिस्ट संन्यासी थॉमस मर्टन यांनी १९६५ मध्ये च्वांगत्सेवरील आपले पुस्तक काढले तेही याच वू यांच्या मदतीने. मर्टन यांना चिनी येत नव्हते. ही भाषांतरे नव्हेत, हे माझे वाचन आहे, असे त्यांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने सांगितले. असा मोकळेपणा या प्रांतात दुर्मीळ आहे.

आता ध्यानाविषयी. ह्युएनत्संगाच्या वादाचा शेवट मी मुद्दाम मागे ठेवला होता. ग्रंथ संपल्यावर ताओपंथीयांनी त्याची प्रस्तावनाही संस्कृतात उतरविण्याची विनंती केली. तीत दातांवर दात आपटणे, लाळ गिळणे अशा साधनेच्या क्रिया होत्या. ह्युएनत्संगाने साफ नकार दिला. हे हिंदुस्थानात पाठविले तर आपली लाज जाईल, असे तो म्हणाला. इथे माझी सहानुभूती पूर्णपणे ताओपंथीयांकडे आहे. विचार तेवढा घ्यायचा आणि देह टाकून द्यायचा! पाश्चात्त्य जगानेही पुढे तेच केले. त्याने लाओत्सेचे छोटेसे पुस्तक उराशी धरले. देवळे, पुरोहित, मृतांसाठीचे विधी, मंतरलेले ताईत यांना मात्र ‘अधःपतन’ म्हणून बाजूला सारले. उद्या कोणी डोंगरावरील प्रवचन घेऊन पवित्र मिस्सा, जपमाळ आणि नोव्हेना टाकून द्या, मग खरा ख्रिस्ती धर्म उरेल, असे म्हणू लागला तर आपल्याला कसे वाटेल? जर्मन मिशनरी रिचर्ड विल्हेल्म यांनी १९२९ मध्ये ताओपंथी ध्यानाचा एक ग्रंथ कार्ल युंग यांच्या भाष्यासह प्रसिद्ध केला. पौर्वात्य साधनेची आंधळी नक्कल करू नका, असा इशारा युंग यांनी त्यातच दिला होता. ग्रंथ खपला, इशारा फारसा कोणी वाचला नसावा.

आपल्याकडे हा प्रश्न एका मुंबईकराने अंगावर घेतला. फादर अँथनी डिमेलो यांनी १९७३ मध्ये पुण्यात ‘साधना’ संस्था सुरू केली. ती पुढे लोणावळ्याला गेली. त्यांचे ‘साधना’ हे पुस्तक १९७८ चे. श्वासाकडे लक्ष द्या, देहाच्या संवेदनांची जाणीव ठेवा, स्वस्थ बसा; मग प्रार्थना. ह्युएनत्संगाने लाजेखातर गाळलेले तेच इथे पुन्हा दारात आले, म्हणजे देह. डिमेलो १९८७ मध्ये न्यूयॉर्क येथे वारले. १९९८ मध्ये रोमच्या विश्वासतत्त्व मंडळाने त्यांच्या लिखाणाविषयी सूचना काढली. तिच्यातील कठोर भागच पुष्कळांच्या स्मरणात राहिला. पण त्यांच्या आरंभीच्या ग्रंथांत बौद्ध आणि ताओपंथी प्रवाहांचा प्रभाव असूनही ते ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीत राहतात, हेही त्याच सूचनेत नमूद आहे. आक्षेप होता तो पुढच्या वळणावर, जिथे परमेश्वर आपल्याशी बोलणारी व्यक्ती न राहता निराकार पोकळी होऊ लागतो, आणि येशू हा अनेक गुरूंपैकी एक ठरतो.

मला हा निवाडा समंजस वाटतो, जरी तो मृत्यूनंतर अकरा वर्षांनी आला आणि प्रतिवादी उत्तर द्यायला नव्हता. शांत बसण्याची रीत चिनी आहे की भारतीय, यावर तिचे मोल ठरत नाही. त्या शांततेत आपण कोणाची वाट पाहतो यावर ठरते. पण हे सूत्र उलटेही लागू करावे लागेल. च्वांगत्सेच्या ग्रंथात ‘बसून विसरणे’ नावाची साधना आहे. तीत आपले भलेपण, शेवटी देह आणि ज्ञानही विसरून जायचे असते. ताओपंथी साधक त्या शांततेत कोणाचीही वाट पाहत नाही, आणि हे त्याचे उणेपण नव्हे. ती त्याची वाट आहे. तिला ‘अर्धवट ख्रिस्ती प्रार्थना’ म्हणणे आणि ‘सगळे एकच’ म्हणणे, दोन्ही सारखेच सोयीचे आणि सारखेच असत्य.

आमच्या जिल्ह्यात सालेकसा तालुक्यात कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला तिथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. पारी कुपार लिंगोचे स्मरण होते. लिंगोचे गीत नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी मिळविले होते. १८६३ मध्ये ते बुडून मरण पावले आणि १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे कागद छापले. त्या गीतात गोंडांना गुहेत कोंडणारा म्हणून महादेव येतो, त्यामुळे ते किती गोंडी आणि किती हिंदू झालेले, हा वाद पुढे निघाला. आपल्या धर्माला गोंड लोक ‘कोया पुनेम’ म्हणतात. नागपूरचे अभ्यासक मोतीरावण कंगाली यांनी ‘पुनेम’चा अर्थ सत्यमार्ग असा लावला आहे. पुन्हा मार्गच! आम्ही शेजारी मात्र त्याला कधी ‘आदिवासी देवदेवता’ म्हणतो, कधी नुसतेच ‘त्यांची पूजा’. चिचगडच्या बाजाराला एकत्र जाणारी, एकमेकांच्या मरणाला खांदा देणारी ही माणसे. पण त्यांच्या वाटेचे त्यांनी ठेवलेले नाव आमच्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

२०११ च्या जनगणनेत गोंडी धर्मासाठी वेगळा रकाना नव्हता. तरी ‘इतर धर्म आणि पंथ’ या सदरात दहा लाखांहून अधिक लोकांनी आपला धर्म गोंड किंवा गोंडी म्हणून नोंदविला. प्रगणकाला अशा वेळी एकच सूचना असते: समोरचा माणूस जे नाव सांगेल तेच लिहायचे, त्याच्याशी वाद घालायचा नाही.