दुसऱ्याचे म्हणणे, आपले शब्द

माझी नात इंग्रजी साहित्य घेऊन पदवीच्या पहिल्या वर्षात शिकते. गेल्या महिन्यात ती सारांशलेखनाच्या सरावाची वही घेऊन माझ्याकडे आली. तीनशे शब्दांचा उतारा शंभर शब्दांत आणावयाचा, स्वतःच्या शब्दांत आणावयाचा, स्वतःचे मत घालावयाचे नाही आणि वर समर्पक शीर्षक द्यावयाचे. नियम जुनेच. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी सुरतेस शिकताना आम्हांसही हेच नियम होते. आम्ही त्या प्रकाराला 'प्रेसी' म्हणत असू, एवढाच फरक.

उतारा नदीकाठच्या बांधांविषयी होता. बांधांमुळे शहराचे रक्षण होते, मात्र नदीच्या जुन्या वाटा मोकळ्या ठेवल्या तरच, असे लेखकाचे म्हणणे. नातीच्या सारांशात पहिला भाग नेटका उतरला होता. 'तरच'चा भाग नव्हता. मी विचारले, "हे वाक्य का गाळलंस?" ती म्हणाली, "आजोबा, ते एवढं महत्त्वाचं नव्हतं." "कशावरून?" ती क्षणभर थांबली, हसली आणि म्हणाली, "खरं सांगू? ते मला नीट कळलंच नाही."

ऑगस्ट २००६ मध्ये तापीचे पाणी सुरतेच्या घराघरांत शिरलेले ज्याने पाहिले, त्याच्या हातून ते वाक्य सुटले नसते. पण मुलीचा दोष मला मोठा वाटला नाही, कारण तिने तो कबूल केला. परकी भाषा शिकणारा मनुष्य पुष्कळदा असेच करतो. जे वाक्य कळत नाही ते त्याला आपोआप बिनमहत्त्वाचे वाटू लागते. वाक्य अवघड असते ते बहुधा त्यात अट असते म्हणून, अपवाद असतो म्हणून, लेखक स्वतःलाच अडवीत असतो म्हणून. तेवढे काढले की उरते ते गुळगुळीत विधान, आणि गुळगुळीत विधानाला परीक्षेत गुणही बरे मिळतात.

गाळण्यावाचून सारांश होत नाही, हे उघड आहे. मराठी मनाची मूळ ओढ खरे तर विस्ताराकडे. सातशे श्लोकांच्या गीतेवर आपण सुमारे नऊ हजार ओव्यांचे लेणे चढविले. पण संक्षेपही आपल्याकडे आहे. एकश्लोकी रामायण लहानपणी पाठ न केलेले घर आपल्या पिढीत विरळाच. त्या चार चरणांत कांचनमृग आहे, जटायू आहे, वालीचा वध आहे. कैकेयी नाही, भरत नाही, मारुतीचे नावसुद्धा नाही. आणि शेवटी ग्वाही अशी की, रामायण ते हेच. तरीही यात कोणाची फसवणूक झाली असे कोणी म्हणत नाही, कारण म्हणणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला सगळे रामायण ठाऊक असते. तेथे सारांश ही स्मरणाची गाठ आहे.

ज्याला मूळ कधीच दिसणार नाही त्याच्यासाठी केलेला सारांश निराळा. ती साक्ष असते. वर्गात हा भेद शिकवीत नाहीत. तेथे परीक्षकापुढे मूळ उतारा असतोच, त्यामुळे विद्यार्थ्याच्या हातून गळलेले फार तर दोन गुण नेते.

मला हा भेद नोकरीत शिकावा लागला. प्रेसी चांगली लिहितो या एका गुणावर मला तरुणपणी कर्ज देणाऱ्या एका संस्थेत काम मिळाले. लोकांचे अर्ज गुजरातीत येत. त्यांचे दहा ओळींचे इंग्रजी टिपण करून मुंबईच्या मुख्य कचेरीकडे पाठविणे हे माझे काम. एका विधवा बाईंचा चार पानी अर्ज आला. घर तारण होते, हप्ते थकले होते. अर्जात मुलाचे दुखणे, दिरांशी झालेले भांडण, देवाची साक्ष, असे सगळे एकत्र. मी ते 'घरगुती तक्रारी' म्हणून दूर केले आणि लिहिले की, नोटीस बजावली, मुदत संपली, अर्जदार सवलत मागतात. टिपण सुबक झाले होते. साहेबांनी कौतुकही केले. मुंबईहून नकार आला.

आठवड्याभराने मूळ अर्ज फायलीला लावताना मी तो पुन्हा वाचला. दिरांच्या भांडणातच एक वाक्य होते: नोटीस दिरांच्या घरी दिली गेली आणि ती त्यांनी यांच्यापर्यंत पोहोचू दिली नाही. साऱ्या अर्जाचा कणा तो होता. मी तेव्हा बोलावयास हवे होते. बोललो नाही. नवी नोकरी होती, आणि सुबक टिपणाचे कौतुक ताजे होते. बाई आणखी दोनदा येऊन गेल्या. मग यायच्या थांबल्या.

पुढे मला सर्वांत जास्त खुपले ते हे की, मी त्यांच्या नावाने काय लिहिले ते त्या वाचूच शकत नव्हत्या. वाचता आले असते तर "हे माझे म्हणणे नव्हे" असे त्यांनी तेथल्या तेथे सांगितले असते. आपल्या देशात इंग्रजी येणाऱ्याच्या हाती ही एक सत्ता असते. तो ज्यांचे म्हणणे पुढे मांडतो, त्यांतले बहुतेक त्याचे लेखन तपासू शकत नाहीत. म्हणून इंग्रजीच्या विद्यार्थ्याने सारांश शिकणे ही केवळ भाषेची तालीम आहे, असे मला आता म्हणवत नाही.

या संदर्भात श्रीमंत सयाजीरावांची आठवण होते. कामरेज हा तेव्हा बडोदा संस्थानाच्या नवसारी प्रांतातला तालुका. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत येथे गायकवाडांचा अंमल होता, आणि आपल्यांपैकी अनेकांची घराणी त्याच चाकरीच्या निमित्ताने इकडे आली. कवळाणे गावचा बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली दत्तक आला तेव्हा त्याला लिहिणे-वाचणेही धड येत नव्हते. इलियट साहेबांच्या हाताखाली तो इंग्रजी शिकला, आणि पुढे याच गृहस्थांनी गिबनच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासावर 'फ्रॉम सीझर टू सुलतान' हे पुस्तक इंग्रजीत प्रसिद्ध केले. मूळ ग्रंथ सहा खंडांचा, १७७६ ते १७८८ या काळात निघालेला. महाराजांनी आपल्या पुस्तकाला इतिहास म्हटले नाही. ही गिबनवरून काढलेली टिपणे आहेत, असे उपशीर्षकातच सांगून टाकले. मूळ वेगळे आहे, तिकडे जा, अशी ती खूण होय.

राजाने हा खटाटोप का करावा? वाचून दाखविण्यासाठी त्यांच्यापाशी माणसे होती. रियासतकार सरदेसाई १८८९ पासून त्यांचे वाचक होते. माझा तर्क असा की, ज्याच्यापुढे रोज इतरांनी केलेली टिपणे येतात आणि ज्याची सही त्यांवर होते, त्याने सहा खंड स्वतःच्या हाताने लहान करून पाहिले म्हणजे टिपणात काय काय बुडते ते त्याला कळते. माझ्या साहेबांना ही सवय असती तर त्यांनी मूळ चार पाने मागविली असती. अर्थात हे म्हणणे मला शोभत नाही. मूळ पाने माझ्याच टेबलावर होती.

हल्ली यंत्र क्षणात सारांश करून देते आणि तो पुष्कळदा नातीच्या सारांशाहून चांगला असतो. पण काय गाळले व का, हे विचारल्यावर "खरं सांगू?" असे म्हणून ते हसत नाही.

नातीला मी ही हकीकत सांगितली. तिने ते वाक्य पुन्हा तीनदा वाचले, कोश काढला, आणि 'तरच'चा भाग आपल्या शब्दांत लिहिला. शब्द मोजले तर अकरा जास्त झाले. "आता काय काढू?" तिने विचारले. मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने तिने आपलेच पहिले वाक्य खोडले. लेखकाने हा विषय अतिशय सुंदर रीतीने मांडला आहे, अशा अर्थाचे ते होते.